सातवा ठिपका

कर्वेनगर, पुणे
४ ऑगस्ट २००३

प्रिय शेफाली,

आत्याला नमस्कार सांग. तुला सातव्या महिन्यात वेल्ह्याला माहेरी आणलं, हे आमच्या दादांनी कळवलं. तुमच्या गावच्या दुकानातला फोन बऱ्याचदा लावून पाहिला, मुकाच आहे. म्हणून पत्र.

उन्हाळ्यात भेटलो तेव्हा तू विचारलं होतंस, की कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या माणसाला संगणकासमोर बसवून पगार कोण देतं. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, आता सांगतो. शहरातल्या आजारांचा नकाशा करायचं काम आहे, मी तिथे कंत्राटावर आहे. दर सोमवारी दवाखान्यांकडून रुग्णांची फाइल येते. तिच्यात नावं नसतात. वय, आजार, बाई की पुरुष, गरोदर असेल तर महिना, दवाखान्याचा क्रमांक आणि पत्ता, एवढंच. प्रत्येक रुग्णासाठी मी नकाशावर एक ठिपका देतो. ठिपके एका जागी जमले, की तिथल्या पाण्यात किंवा गटारात काहीतरी बिघडलंय असं समजायचं. सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर असेल तर ठिपका संगणक स्वतःच देतो. ‘देवळामागे’, ‘गिरणीशेजारी’ असले पत्ते माझ्या वाट्याला येतात. आमच्या सुहासिनी मॅडम डॉक्टर आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “पत्ता अर्धवट असला तरी माणूस पूर्ण आजारी असतो. तुम्ही ठिपका चुकीच्या जागी दिलात, तर औषधाची गाडीही तिथेच जाईल.” म्हणून मी प्रत्येक ठिपका दोनदा तपासतो. नकाशावर एखादा चुकीचा राहून गेला असं वाटलं, तर मला जेवण जात नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. धायरीच्या टोकाला एका जागेवर काविळीचे पाच ठिपके जमलेत. एकावर एक, अगदी एकाच बिंदूवर. पत्ता सगळ्यांचा एकच, ‘चिंचेखालची विहीर, धायरी’. जुन्या मोजणी नकाशात तिथे विहिरीची खूण आहे. आजच्या नकाशात तिथे घर नाही, वस्ती नाही, काहीच नाही. पाचही बाया आहेत. आणि पाचही गरोदर. त्यातल्या दोघी वाचल्या नाहीत.

पहिल्यांदा वाटलं माझीच चूक. सगळे ठिपके पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून दिले. ते परत तिथेच जाऊन बसले.

आत्या लग्नानंतर धायरीलाच होती ना, जमीन विकेपर्यंत? त्या विहिरीजवळ कोण राहायचं, एवढं तिला विचारून कळव.

तुझा
साईनाथ

वेल्हे
११ ऑगस्ट २००३

साईनाथ महाराज,

पत्र पोचलं. पोटुश्या बहिणीला पहिल्याच पत्रात मेलेल्या बाळंतिणींची खबर कळवणारा भाऊ सगळ्या पुणे जिल्ह्यात तू एकच असशील. ‘तब्येत कशी आहे’ हे वाक्य तुमच्या संगणकात नसतं वाटतं?

तब्येत बरी आहे. पाय सुजतात. आमचे हे चाकणहून रविवारी येतात, कंपनीच्या कँटीनची तक्रार करतात, आईच्या हातचं जेवतात आणि जातात.

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. ‘चिंचेखालची विहीर’ आलं तशी थांबली. भाकरी तव्यावर करपली तरी तिला पत्ता नाही. मग म्हणाली, “पुन्ना वाच.” पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “समद्या पोटुश्याच हायत का? किती झाल्या?”

म्हटलं, पाच.

मग तिने सांगितलं ते लिहिते. ती विहीर आसरांची. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, काठावर त्यांचे सात दगड. वस्तीतली बाई आठव्या महिन्यात गेली, की भर दुपारी तिथे ओटी भरायची आणि ओंजळभर पाणी प्यायची. आईही माझ्या वेळी प्यायली. वस्ती उठून वर्षं झाली, माणसं वारज्याला, कर्वेनगरला, जागा मिळेल तिथे पांगली. पण रेशनकार्डावर अजून तोच पत्ता आहे. तुझ्या बाया बहुतेक त्यातल्याच असतील.

आई म्हणते, ती नवी नवरी असताना एकदा विहिरीकडे कुणी फिरकलं नाही, ओटी चुकली. तेव्हा आसरांनी पोटुश्या बाया न्यायला सुरुवात केली. सात झाल्यावर थांबल्या. मी म्हटलं, “आसरा आहेत का वडापची जीप, सीटं भरली की सुटायला?” तर लाटणं फेकून मारलं मला. पोटुशी आहे हे विसरून.

आता घरात हसायची चोरी आहे.

शेफाली

कर्वेनगर
१८ ऑगस्ट २००३

प्रिय शेफाली,

तब्येत कशी आहे? (पहिलं वाक्य हेच लिहिलं आहे.)

रेशनकार्डाचं तू सांगितलंस म्हणून कोडं सुटलं. मॅडमना सांगितलं, की हे राहण्याचे पत्ते नाहीत, सोडून आलेले पत्ते आहेत. मग ठिपके तिथे ठेवायचे का? त्या म्हणाल्या, “पांगलेल्या बायका एकाच वेळी आजारी पडतात, म्हणजे कुठेतरी एकत्र येत असतील. जाऊन बघा. आणि आसरांचं मला सांगू नका, मला ठिपके मोजायचा पगार मिळतो.”

शनिवारी गेलो. तिथे आता सातमजली इमारत आहे, आमच्या नकाशावर अजून न चढलेली. फाटकावर कोंडीराम नावाचे म्हातारे वॉचमन बसले होते. विहिरीचं विचारलं तर म्हणाले, “हितं विहीर न्हाई. पार्किंग हाय.” मी हातातलं यंत्र दाखवलं. ते आपण उभे आहोत ती जागा आकड्यांत सांगतं. आकडे बघून ते हसले. म्हणाले, “यंत्राला ठाव हाय मंग मला कशाला इचारता?” आणि आत सोडलं.

इमारतीच्या पोटात, दोन गाड्यांच्या मधे, जमिनीत एक लोखंडी झाकण आहे. त्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड. बिल्डरने विहीर बुजवली नाही, वरून स्लॅब टाकला. दगड हलवायला मजूर तयार झाले नाहीत म्हणे. हिरव्या बांगड्या, दहीभात, सगळं ताजं होतं. दुपारचे बारा वाजलेले, बाहेर लख्ख ऊन, आणि तिथे इतका गारवा की माझ्या हातावर काटा आला. यंत्रावरचे आकडे एरवी सारखे थोडे थोडे हलत असतात. झाकणाजवळ गेल्यावर ते हलायचे थांबले.

एक बाई कळशी घेऊन आली. तिने झाकणातली लहान फट उघडली. दोर सोडावा लागला नाही. पाणी अगदी वरपर्यंत होतं, हाताला लागेल इतकं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुझ्या घरची कितव्या महिन्यात?”

मला बायको नाही, हे तिला सांगायचं सोडून मी म्हणालो, “सातव्या.” डोक्यात तू होतीस.

ती म्हणाली, “मग पुढच्या महिन्यात धाड तिला. वाट बघतात.”

बाटलीत पाणी भरून आणलं. मॅडमनी ते तपासणीला दिलंय. आज सकाळी फाइल आली. सहावा ठिपका पडला, त्याच जागेवर.

तू पाणी उकळून पीत जा.

साईनाथ

वेल्हे
२९ ऑगस्ट २००३

साईनाथ,

पत्र मिळालं. थोडक्यात लिहिते, कंबर धरली आहे.

मंगळवारी आम्ही पुण्यात येऊन गेलो, आई आणि मी. तपासणीला. एस.टी. परतीची लगेच होती म्हणून तुझ्याकडे येता आलं नाही. तुझ्या कॉट बेसिसच्या खोलीत बसायला तरी कुठे जागा असते? रागावू नकोस.

आई आता बरी आहे. नीट झोपते. कोंडीरामबद्दल तू लिहिलंस ते वाचून हसलो आम्ही. खरंच तसाच आहे, आणि त्याचं ते तीन पायांचं कुत्रं त्याच्यापेक्षा जास्त पाहुणचार करतं.

बाकी ठीक.

शेफाली

कर्वेनगर
३ सप्टेंबर २००३

शेफाली,

कुत्र्याबद्दल मी तुला काहीच लिहिलं नव्हतं.

माझ्या पत्राची कच्ची प्रत माझ्याजवळ आहे. ती पुन्हा वाचली. तिच्यात कुत्रं नाही. मी गेलो त्या दिवशी ते तिथे नव्हतंच. काल परत गेलो तेव्हा फाटकाशी दिसलं.

तुम्ही तपासणीला आला नव्हतात. आत्या तुला विहिरीवर घेऊन गेली. मी पाच लिहिलं, मग सहा लिहिलं, आणि तिने ते ठिपके म्हणून ऐकलं नाही.

पाण्याच्या तपासणीचा निकाल आला आहे. इमारतीचं सांडपाणी कुठून तरी झिरपून विहिरीत उतरतंय. पाणी वरपर्यंत चढलं होतं ते त्यामुळेच. मॅडम म्हणाल्या, ही कावीळ घाणेरड्या पाण्यातून येते. इतरांना महिनाभर झोपवते आणि सोडते. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाली, तर जिवावर बेतते. प्यायल्यावर लगेच कळत नाही, दोन-दोन महिन्यांनीही उठते.

एकच विचारतो. तू ते पाणी प्यायलीस का?

हो किंवा नाही, एवढंच लिही आणि लगेच टाक. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर त्याच दिवशी गाडी करून पुण्याला आणा. कोणत्या दवाखान्यात जायचं ते मॅडमच्या अक्षरात मागे लिहून दिलंय. तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावा. भाऊजींच्या कंपनीत चाकणला फोन केला. ऑपरेटर बाईने निरोप घेतला, पण तो पोचला की नाही कळत नाही.

आत्याला माझ्यावर रागावू दे. पण उत्तर दे.

साईनाथ

कर्वेनगर
१५ सप्टेंबर २००३

शेफाली,

तुझं उत्तर नाही. वेल्ह्याच्या वाटेवरचा पूल पाण्याखाली आहे, एस.टी. अलीकडूनच परत फिरते, असं स्वारगेटला सांगितलं. शनिवारी मी निघालो होतो. अर्ध्या वाटेवरून मलाही परत यावं लागलं. पलीकडे जाणाऱ्या एका दूधवाल्याच्या हाती चिठ्ठी दिली. ती तरी मिळाली का?

गेल्या गुरुवारी विहीर बंद केली. फटीवर लोखंडी पट्टी वेल्डिंग केली, दगड तसेच ठेवले.

आज सोमवार. फाइल आली. मी ती अकरा वाजेपर्यंत उघडली नाही. मॅडमनी विचारलं, “काय, मुहूर्त बघताय का?” मग उघडली.

एक ओळ आहे. बाई. वय तेवीस. कावीळ. गरोदर, आठवा महिना. पत्ता: चिंचेखालची विहीर, धायरी.

तुझं वय तेवीस. तुला आठवा महिना. तुमच्या रेशनकार्डावर तोच पत्ता असेल.

फाइलमध्ये नाव नसतं, हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तो नियम चांगला आहे असं मला तेव्हा वाटायचं. ओळीपुढे दवाखान्याचा क्रमांक होता. तिथे धावत गेलो. बाळंतिणींच्या सगळ्या खाटा पाहिल्या. तू नाहीस. रजिस्टर पाहिलं. तिथल्या सिस्टरबाई चिडून म्हणाल्या, “अहो, आठवडाभरात आमच्याकडे काविळीची एकही बाई आलेली नाही. आम्ही असलं काही पाठवलेलंच नाही.” म्हणाल्या, “घरी जा, तुमचाच चेहरा पिवळा पडलाय.”

मग ती ओळ आली कुठून? संगणकाने ठिपका माझ्यासाठी ठेवला नाही. असे पत्ते तो कधीच ओळखत नाही, ते मलाच शोधावे लागतात. हा त्याने स्वतः दिला. त्याच जागेवर.

शेफाली, तू कुठे आहेस?

साईनाथ

वेल्हे
२१ सप्टेंबर २००३

प्रिय साई,

मी घरी आहे. बरी आहे. आधी हे वाच, दोनदा वाच, मग पुढचं.

तुझी दोन्ही पत्रं आणि दूधवाल्याची चिठ्ठी एकाच दिवशी आली. चाकणचा निरोपही पोचला होता. पूल उघडला तशी यांनी जीप आणली आणि मॅडमनी लिहिलेल्या दवाखान्यात मला परवा नेऊन आणलं. रक्त तपासलं. कावीळ नाही. त्यांनी पुन्हा महिन्याने बोलावलंय. पुण्यातून जाताना तुला भेटायचं होतं, पण मला गाडीत बसवेना, हे घाईने परत घेऊन आले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो. प्यायले.

आईने तुझं ते पत्र ऐकलं, सहावा पडला ऐकलं, आणि ‘वाट बघतात’ म्हणणारी ती बाई ऐकली. त्या दिवसापासून तिचं एकच. सातवी आपली असणार. तू ‘सातव्या’ म्हणालास ना विहिरीवर, तर म्हणे, “पोरानं तोंडानं कबूल केलं, आता त्या सोडत्यात का?” मी खूप भांडले. मग तिच्याकडे बघितलं आणि गेले तिच्याबरोबर. तू असतास तर तूही गेला असतास.

ओंजळ तोंडाला लावली. वास येत होता. एक घोट घेतला, बाकीचं पदरात सांडलं. आईला ते दिसलं. तिने पिशवीतून एक बाहुली काढली. चिंध्यांची. माझ्या लग्नातल्या परकराचा काठ फाडून तिला नेसवला होता, पोटाशी कापूस भरला होता. रात्रभर जागून केली असणार, मला कळूही दिलं नाही. ती त्या फटीशी वाकली आणि शाळेत नाव घालताना सांगतात तसं एकेक सांगत गेली, “ही तुमची सातवी. वय तेवीस. आठवा महिना. पत्ता हाच, चिंचेखालची हीर. हिला घ्या, माझीला सोडा.” आणि बाहुली आत सोडली.

साई, कापसाची बाहुली तरंगायला पाहिजे ना? ती दगडासारखी गेली.

मी तुला हे लिहिणार नव्हते. तू हसशील म्हणून नाही, तू घाबरशील म्हणून. पण तुझ्या पत्रातली ती ओळ वाचली तेव्हा माझ्या हातातून कागद पडला. वय, महिना, पत्ता. आईने सांगितलं तेच, त्याच क्रमाने. मी आईला वाचून दाखवली. तिने दिवा लावला. फक्त म्हणाली, “नोंद झाली म्हणायची.”

तुमच्या मॅडमना यातलं काही सांगू नकोस. नोकरी जाईल तुझी.

शेफाली

कर्वेनगर
२० ऑक्टोबर २००३

प्रिय शेफाली,

दुसऱ्या तपासणीतही काही निघालं नाही, हे भाऊजींनी फोनवर सांगितलं. तेव्हापासून मला जरा अन्न जातंय. तुझे दिवस भरत आले. ते पाणी प्यायल्याला दोन महिने मात्र अजून पुरे व्हायचे आहेत, म्हणून लिहितो.

विहीर बंद केली तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, “लगेच खुश होऊ नका. ज्या आधी पाणी प्यायल्या आहेत, त्या अजून महिना-दोन महिने येत राहतील. दहा येतील, पंधराही येतील.” कोंडीरामही सांगत होते, श्रावणात रोज बाया येत होत्या. म्हणून मी दर सोमवारी फाइल उघडताना डोळे मिटून घ्यायचो.

एकही आली नाही. सात झाल्या आणि थांबलं.

मॅडमना मी विचारलं, असं कसं? त्यांनी पडद्यावरचे ठिपके पुन्हा मोजले. मग म्हणाल्या, “रुग्ण कमी झाले म्हणून तक्रार करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय.” पण त्यांनाही ते पटलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला.

दिवाळीच्या आत नकाशा वर पाठवायचा आहे. शुक्रवारी त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “धायरीचा तो सातवा. दवाखान्यात बाई नाही, रजिस्टरमध्ये बाई नाही. रुग्णच नाही, तर ठिपका कशाचा? चुकून आलेली नोंद आहे. पुसून टाका आणि मग छापायला द्या.”

त्यांचं बरोबर आहे. मी आजवर असे शेकडो पुसले आहेत. एकाही खोट्या ठिपक्याला मी नकाशावर राहू दिलेलं नाही. तू मला ओळखतेस.

मी त्याच्यावर टिचकी मारली. तो पिवळा झाला. निवडलेला ठिपका पिवळाच होतो, ती संगणकाची पद्धत आहे, पण मला ते बघवेना. पडद्यावर प्रश्न आला, हा बिंदू कायमचा काढून टाकायचा का? खाली दोन चौकोन असतात, हो आणि नाही. माझं बोट ‘हो’वर होतं. मॅडम मागे होत्या. आणि माझ्या मनात आलं, की हा काढला तर तिथे सहा राहतील.

तेवढ्यात त्यांना फोन आला, त्या बाहेर गेल्या.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, “पुसलात?” मी म्हणालो, “हो मॅडम.” नोकरीत खोटं बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. एकावर एक ठिपके आहेत, वरून बघणाऱ्याला सहा आणि सात सारखेच दिसतात. छापील नकाशा आज वर गेला. उद्या कुणी मोजले तर माझी नोकरी जाईल. जाऊ दे.

बाळ झालं की भाऊजींना लगेच फोन करायला सांग. पाणी उकळूनच पी, गार करून, झाकण ठेवून. आणि आत्याला सांग, मी हात लावलेला नाही. सातवी तिथेच आहे.

तुझा
साईनाथ